प्रथिने कापणारी विकरे : कोशापासून कॅलिक्रेइनपर्यंत

तसरच्या पतंगाला दात नसतात आणि चावणारा जबडाही नसतो. ज्या कोशात तो महिनोन्‌महिने पडून असतो, तो मात्र सुपारीसारखा टणक असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी कोशाचे देठाकडचे टोक आतून ओले होते आणि मऊ पडते. मग धागे हळूहळू बाजूला सरतात आणि चुरगळलेल्या पंखांचा पतंग त्या वाटेने बाहेर येतो. ही वाट त्याला एक विकर करून देते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्याला व्यवहारात एंझाइम म्हणतात. पतंगाच्या या विकराचे नाव कोकूनेज. माणसाच्या रक्तात, लघवीत, त्वचेत आणि स्वादुपिंडात असलेले कॅलिक्रेइन याच कुळातले आहे. प्रथिने कापण्याचे दोघांचे तंत्र एकच आहे, आणि त्या कापण्याला आवर घालण्याची दोघांपुढची अडचणही एकच आहे.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. विदर्भात तसरला कोसाच म्हणतात. इथल्या कोष्टी विणकरांच्या हातमागावर कोशाची साडी विणली जाते. करवतीच्या दात्यांसारखी काठाची नक्षी असलेली करवतकाठी साडी हे या भागाचे खास देणे, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मागावर येणारा धागा पूर्व विदर्भाच्या जंगलाशी जोडलेला आहे. तिथे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तसरच्या अळ्या वाढवतात, आणि हे काम ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. अळी पाने खाऊन मोठी होते, फांदीला देठाने लटकणारा कोसा विणते आणि आत कोशित होऊन पडते. सलग धागा हवा असेल तर पतंग बाहेर येण्याआधीच उष्णतेने कोशित मारावे लागते. पतंग निघून गेला की कोशाला भोक राहते, धाग्यांची मांडणी विस्कटते आणि त्यातून अखंड धागा उकलता येत नाही. असा कोसा कापसासारखा कातून त्याचे जाडेभरडे सूत काढतात. कोकूनेज हे नाव विणकराने ऐकलेले नसेल, पण त्या विकराने केलेले नुकसान त्याच्या हाताला कळते.

कोशाचा धागा दोन प्रथिनांचा बनलेला असतो. आतला गाभा फायब्रॉइनचा. तो चिवट असतो, त्यालाच रेशीम म्हणायचे. त्याभोवती आणि धाग्याधाग्यांमध्ये सेरिसिन नावाचा डिंक असतो. कोशाला टणकपणा मुख्यतः या डिंकामुळे येतो. कोकूनेज फक्त सेरिसिन कापते आणि फायब्रॉइनला हात लावत नाही. त्यामुळे पतंगाला कोसा फोडावा लागत नाही. डिंक विरघळला की मोकळे झालेले धागे डोक्याने ढकलले तरी पुरते.

पतंग कोशातून कसा बाहेर पडतो, हे कोडे 1964 मध्ये सुटले. हार्वर्ड विद्यापीठात कीटकांच्या रूपांतरणाचा अभ्यास करणारे कॅरोल विल्यम्स आणि त्यांचे ग्रीसमधून आलेले विद्यार्थी फोटिस काफाटोस यांनी तसरच्या जवळच्या जातींवर, म्हणजे अमेरिकेतल्या पॉलिफेमस आणि चीनमधल्या ओकवरच्या रेशीमपतंगावर, काम केले. इतर फुलपाखरांत ज्या अवयवाची सोंड होते, तो या पतंगांत खुरटलेला असतो, कारण प्रौढ पतंग काही खातच नाही. त्या खुरटलेल्या अवयवावरच कोकूनेज स्रवते आणि तिथेच वाळून घट्ट थरासारखे चिकटून राहते. कोरडे असेपर्यंत ते काहीच कापू शकत नाही. बाहेर पडण्याची वेळ आली की दुसऱ्या ग्रंथीतून पोटॅशियम बायकार्बोनेट असलेले पाणी झरते. वाळलेले विकर त्यात विरघळते. द्रावाची किंचित अल्कता त्याच्या कामाला नेमकी मानवते, आणि मग ते कोशाच्या टोकावर लागते. विकर एका ग्रंथीत तयार होते आणि त्याला विरघळवणारे पाणी दुसरीत. दोन्ही एकत्र येतात ती वेळही ठरलेली असते. अमेरिकेतलाच सिक्रोपिया पतंग कोसा विणतानाच टोकाला वाट ठेवतो, आणि त्याला कोकूनेज नसते. गरज नाही तिथे निसर्गाने हे धोक्याचे विकर दिलेले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काफाटोस पुढे हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या जनुकसंचाच्या अभ्यासात अग्रभागी राहिले. मात्र जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव कोकूनेजसाठीही यायला हवे, इतके ते काम नितळ आहे.

कोकूनेजचे रासायनिक विश्लेषण झाल्यावर त्याचे साम्य ट्रिप्सिनशी निघाले. माणसाच्या आतड्यात अन्नातली प्रथिने पचवणारे ते ट्रिप्सिन. ही दोन्ही विकरे सेरीन प्रोटिएज नावाच्या विशाल कुळात मोडतात. या कुळातल्या प्रत्येक विकराच्या खोबणीत तीन अमिनो आम्ले ठरावीक अंतरावर बसलेली असतात: सेरीन, हिस्टिडिन आणि ॲस्पार्टिक आम्ल. कापण्याचे काम सेरीन करते आणि उरलेली दोन त्याला धार देतात. खोबणीचा आकार जसा असेल त्यावर कोणते प्रथिन कुठे कापले जाईल हे ठरते. ट्रिप्सिन आर्जिनिन किंवा लायसिन या अमिनो आम्लांच्या पुढे काप देते. कॅलिक्रेइनचे बहुतेक प्रकारही तसेच करतात. फरक इतकाच की ट्रिप्सिन दिसेल ते प्रथिन फोडत जाते, तर कॅलिक्रेइन निवडक प्रथिनातला निवडक जोड तोडते आणि थांबते.

कॅलिक्रेइनची गोष्ट सुरू होते ती लघवीपासून. 1909 मध्ये आबेलू आणि बार्दिए या फ्रेंच संशोधकांनी लघवीतला एक भाग शिरेत टोचला तर रक्तदाब उतरतो, हे नोंदवले. तेव्हा त्यापुढे फारसे काही झाले नाही. 1926 च्या सुमारास म्युनिकचे शल्यचिकित्सक एमिल कार्ल फ्राय यांना हेच पुन्हा दिसले. माणसाची लघवी कुत्र्याच्या शिरेत टोचली की त्याचा रक्तदाब झपाट्याने खाली येई. लघवीत टाकाऊ पदार्थ पुष्कळ असतात, त्यांतल्याच एखाद्याचा हा विषारी परिणाम असेल, असे म्हणून हे सोडून देणे सोपे होते. फ्राय यांनी ते सोडले नाही. लघवी उकळली की गुण जातो आणि बारीक पडद्यातून तो पदार्थ पार होत नाही, असे दिसून आले. म्हणजे तो मोठा, उष्णतेने बिघडणारा रेणू होता, प्रथिनासारखा. रसायनशास्त्रज्ञ हाइनरिक क्राउट आणि पुढे ऑयगेन वेर्ले यांच्या साथीने शोध चालू राहिला. हा पदार्थ सर्वाधिक सापडला स्वादुपिंडात. ग्रीक भाषेतल्या ‘कॅलिक्रिआस’ या स्वादुपिंडाच्या जुन्या नावावरून 1930 मध्ये त्याला कॅलिक्रेइन हे नाव मिळाले.

आरंभी या पदार्थाला रक्ताभिसरणाचे संप्रेरक समजले गेले, आणि पाडुटिन या नावाने त्याचे औषधही बाजारात आले. पण त्याच काळात लागलेला दुसरा शोध मूळ शोधाइतकाच मोलाचा ठरला. लघवीतला हा पदार्थ रक्तात मिसळला की त्याचा गुण नाहीसा होई. म्हणजे रक्तात त्याला अडवणारे काहीतरी होते. तसेच एक अडवणारे द्रव्य 1930 मध्ये गुरांच्या लसिका ग्रंथींत सापडले, आणि नंतर फुप्फुसांत ते मुबलक असल्याचे आढळले. इकडे अमेरिकेत मोझेस कुनिट्झ आणि जॉन नॉर्थ्रप यांनी 1936 मध्ये गुरांच्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिनला रोखणारे प्रथिन वेगळे केले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत हे पुढे उमगले. अवघ्या 58 अमिनो आम्लांच्या या रेणूला ॲप्रोटिनिन म्हणतात. तो विकराच्या खोबणीत असा घट्ट बसतो की कापायला जागाच राहत नाही. हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून तो ट्रासिलॉल या नावाने कित्येक वर्षे वापरला गेला. मृत्यूचे प्रमाण वाढत असल्याची शंका आल्यावर 2007 मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. एका विकराला आवरायला गेलेले औषध रक्तातल्या त्याच कुळातल्या इतर अनेक विकरांनाही आवरते, आणि या सगळ्या क्षेत्रातली खरी अवघड गोष्ट ही आहे.

कॅलिक्रेइन स्वतः रक्तदाब उतरवत नाही, हे 1937 मध्ये वेर्ले आणि सहकाऱ्यांनी दाखवले. रक्तद्रवात कॅलिक्रेइन मिसळल्यावर नवाच एक पदार्थ तयार होतो आणि गिनिपिगच्या आतड्याचा तुकडा त्याने आकुंचन पावतो. कॅलिक्रेइन रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनातून छोटा तुकडा कापून मोकळा करते आणि गुण त्या तुकड्याचा असतो, हा त्याचा अर्थ. मोठ्या प्रथिनाला किनिनोजेन म्हणतात, तुकड्याला कॅलिडिन. अकरा वर्षांनी, 1948 मध्ये, ब्राझीलच्या साओ पावलोत मॉरिसियो रोशा ए सिल्वा, विल्सन बेराल्डो आणि गॅस्ताओ रोझेनफेल्ड हे जराराका नावाच्या घोणसवर्गीय सापाच्या विषावर काम करत होते. विष टोचलेल्या कुत्र्याच्या रक्तात त्यांना आतडे हळूहळू आवळणारा पदार्थ मिळाला. आवळण्याची क्रिया संथ, म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडले ब्रॅडिकिनिन. ब्रॅडिकिनिन नऊ अमिनो आम्लांचे, कॅलिडिन त्याहून एकाच अमिनो आम्लाने लांब. जर्मनीतल्या लघवीतून निघालेली वाट आणि ब्राझीलच्या सापापासून निघालेली वाट अशा रीतीने एकाच रेणूपाशी येऊन मिळाल्या.

ब्रॅडिकिनिन लहानशा रक्तवाहिन्या रुंद करते आणि त्यांच्या भिंती पाझरू लागतात. रक्तातले पाणी आजूबाजूच्या ऊतीत उतरते आणि तिथे सूज येते. मज्जातंतूंची टोके चेतवली गेल्याने वेदना होते. खरचटलेल्या जागी लाली, सूज आणि ठणका दिसतो, त्यात ब्रॅडिकिनिनचा वाटा असतो. मूत्रपिंडात तेच मीठ आणि पाणी बाहेर टाकायला मदत करते. इतक्या प्रभावी रेणूला रक्तात फार वेळ राहू दिले जात नाही. काही सेकंदांतच दुसरी विकरे त्याचे तुकडे करतात. त्यांपैकी प्रमुख विकर म्हणजे एसीई. हेच विकर दुसरीकडे रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन तयार करते. सर्जियो फेरेरा यांनी 1965 मध्ये जराराकाच्याच विषात ब्रॅडिकिनिनचे आयुष्य वाढवणारे घटक शोधले. ते एसीईला रोखत होते. त्यांच्या आधारे घडवलेले कॅप्टोप्रिल 1981 मध्ये अमेरिकेत रक्तदाबाचे औषध म्हणून मान्य झाले. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी जी नावे आज गावोगावच्या औषधाच्या दुकानांत मिळतात, ती सगळी त्याच वंशातली. ही गोळी सुरू केल्यावर काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. ब्रॅडिकिनिनसारखे पदार्थ न तुटता साचून राहतात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. खोकल्याच्या औषधाने तो जात नाही. त्यामुळे रुग्णाने ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगणे फार गरजेचे असते.

कॅलिक्रेइन हे एकच विकर नाही, हे यथावकाश स्पष्ट झाले. लघवीत आणि स्वादुपिंडात सापडते ते ऊतींमधले कॅलिक्रेइन. रक्तद्रवात फिरते ते दुसरे. दोघांची नावे सारखी असली तरी जनुके वेगळी आहेत, पहिल्याचे एकोणिसाव्या गुणसूत्रावर आणि दुसऱ्याचे चौथ्यावर. रक्तातले कॅलिक्रेइन यकृतात तयार होते आणि प्रीकॅलिक्रेइन या निष्क्रिय रूपात फिरत असते. त्याची साखळी एका ठरलेल्या जागी कापली गेली की ते जागे होते. हा काप रक्त गोठवण्याच्या मालिकेतला बारावा घटक देतो, आणि जागे झालेले कॅलिक्रेइन उलट बाराव्या घटकालाच आणखी जागे करते. दोघे एकमेकांना पेटवत जातात.

बाराव्या घटकाचा शोध एका माणसाच्या रक्तामुळे लागला. जॉन हेगमन हा अमेरिकेतला रेल्वे कामगार होता. काचेच्या नळीत त्याचे रक्त गोठतच नसे, तरी त्याला रक्तस्रावाचा त्रास कधी झाला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ आणि जोन कोलोपी यांनी 1955 मध्ये त्याची नोंद केली. हेगमनचा शेवट 1968 मध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून झाला. 1965 मध्ये फ्लेचर नावाच्या कुटुंबातही असेच निरीक्षण झाले. नळीतली चाचणी बिघडलेली, पण माणसे धडधाकट. 1973 मध्ये कळले की त्यांच्या रक्तात प्रीकॅलिक्रेइनची उणीव होती. शरीरातल्या जखमेवर रक्त थांबवण्यासाठी या विकराची फारशी गरज नसते, हे या लोकांनी आपल्या तब्येतीनेच दाखवून दिले. आजही शस्त्रक्रियेआधी रक्त गोठण्याची चाचणी लांबलेली दिसते, रुग्णाला रक्तस्रावाचा इतिहास नसतो आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. अशा वेळी ही शक्यता डॉक्टरांच्या मनात असावी.

आवर सुटला तर काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे वंशपरंपरागत सूज येण्याचा एक आजार. रक्तातल्या कॅलिक्रेइनला लगाम घालणारे एक प्रथिन असते, सी-वन इनहिबिटर. 1963 मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी दाखवले की या आजारात तेच अपुरे असते. मग लहानशा कारणाने, कधी दात काढल्याने तर कधी कशानेही नाही, कॅलिक्रेइन बेलगाम सुटते आणि ब्रॅडिकिनिनचा पूर येतो. ओठ, हात, पोट किंवा घसा सुजतो. या सुजेला खाज नसते, अंगावर पित्ताच्या गांधीही उठत नाहीत. पित्तावरच्या गोळ्या आणि स्टेरॉइड तिच्यावर चालत नाहीत. घसा सुजला तर श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. घराण्यात अशी सूज येणारी माणसे असूनही वर्षानुवर्षे तिला साधी ॲलर्जी समजले जाणे, ही या आजारातली सर्वांत दुःखद बाब आहे. कॅलिक्रेइनला थेट अडवणारे इकॅलॅन्टाइड 2009 मध्ये आणि लॅनाडेलुमॅब हे प्रतिपिंड 2018 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. फ्राय यांच्या कुत्र्यापासून इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

ऊतींमधल्या कॅलिक्रेइनचे कुटुंब त्यामानाने मोठे आहे. माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून पंधरा जनुके आहेत, आणि त्यांच्या विकरांना केएलके-1 ते केएलके-15 असे क्रमांक आहेत. त्यांतले मोजकेच ब्रॅडिकिनिनसारख्या किनिनांशी संबंधित आहेत. पाचवे आणि सातवे त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींना धरून ठेवणारे दुवे कापतात, म्हणून जुनी त्वचा रोज नकळत झडते. त्यांना आवरणारे प्रथिन जन्मतःच नसेल तर नेदरटन नावाचा आजार होतो आणि बाळाची त्वचा सतत सोलत राहते. चौथे विकर दाताच्या आवरणातली उरलीसुरली प्रथिने काढून टाकते, त्यामुळे ते कठीण होऊ शकते. तिसरे सर्वांत प्रसिद्ध आहे, पण कॅलिक्रेइन म्हणून नव्हे. ते म्हणजे पीएसए, पन्नाशीनंतर पुरुषांच्या रक्ततपासणीत दिसणारे. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे हे विकर वीर्यातले घट्ट प्रथिन कापून ते पातळ करते. रक्तात त्याचे फारसे काम नसते. ग्रंथीची रचना बिघडली की ते रक्तात झिरपते, म्हणून त्याची पातळी मोजतात. कर्करोगाखेरीज ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही आकडा चढतो. रक्तात आलेले बहुतेक पीएसए दुसऱ्या एका प्रथिनाच्या मिठीत अडकलेले असते. अहवालातला ‘फ्री पीएसए’ म्हणजे त्या मिठीबाहेर राहिलेला भाग. कर्करोगात हे मोकळे प्रमाण तुलनेने कमी आढळते.

याच कुळाची एक फांदी विषात गेली. घोणस भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांतही भेटते. तिच्या विषात रक्त गोठण्याच्या पाचव्या घटकाला भडकवणारे एक सेरीन प्रोटिएज असते. सापांच्या विषातली अशी विकरे कॅलिक्रेइनसारख्या पूर्वज जनुकांपासून उत्क्रांत झाली, असे त्यांच्या रचनेवरून दिसते. उत्तर अमेरिकेतल्या एका चिचुंद्रीच्या लाळेतले विषही कॅलिक्रेइनच्याच घडणीचे आहे. शरीरात मोजूनमापून वापरले जाणारे हत्यार कोणताही आवर न ठेवता दुसऱ्याच्या रक्तात सोडले, की त्याचे विष होते. दंश झालेल्या माणसाच्या रक्तात गोठवणारे घटक वापरून संपतात आणि हिरड्यांतून रक्त झिरपू लागते. यावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे आणि ते वेळेत मिळायला हवे.

या कुळाचा अभ्यास तसरकडेही परतला आहे. कोशातला डिंक सैल केल्याशिवाय धागा उकलत नाही. तसरचा डिंक तुतीच्या रेशमापेक्षा कितीतरी हट्टी असतो, म्हणून कोसे सोड्यासारखा खार घालून बराच वेळ उकळावे लागतात. त्याने डिंक निघतो, पण धाग्यावरही घाव बसतो आणि तसरचा मूळचा मातकट-सोनेरी रंग फिका होतो. पतंग जे काम थंड पाण्यात करतो तेच कारखान्यात करता येईल का, असा प्रश्न तसरवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकांनी घेतला. बाहेर पडू पाहणाऱ्या पतंगांकडून गोळा केलेल्या कोकूनेजमध्ये कोसे भिजवून धागा काढण्याचे प्रयोग झाले. त्यांत कोसे मऊ झाले आणि रंगही टिकला. अडचण प्रमाणाची आहे. एका पतंगाच्या तोंडावरचे विकर अगदी थोडे असते, म्हणून ते जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून तयार करून घेण्याच्या वाटा चाचपल्या जात आहेत. त्या साधल्या तर आंधळगावच्या मागावर येणारा कोशाचा धागा सोड्याच्या उकळीतून न जाता त्याच विकराने सुटेल, ज्याला टाळण्यासाठी आजवर कोशित उन्हात वाळवावे लागत आले आहे.